बत्तीस तुकड्यांचं शेपूट

आधी शेपूट आलं, मग माणूस.

विज्ञान संग्रहालयाच्या मागच्या जिन्यावरून ती खाली उतरत होती. दोन्ही हातांत काचपट्ट्यांचा ट्रे आणि डोक्यात सकाळपासूनचा राग. वळणावर पोचते तो खालून लाकडाचं काहीतरी लांबलचक, पिवळसर, सापासारखं डोकावलं. डावीकडे वळलं, उजवीकडे वळलं, आणि तिच्या नाकावरचा चष्मा अलगद उडवून पुढे सरकलं. चष्मा टप्पे खात पाच पायऱ्या खाली गेला.

"सांभाळून हं, नाजूक आहे!" खालून आवाज आला.

"कोण? मी की हे?"

"हे," आवाज म्हणाला. मग जरा थांबून, "म्हणजे... तुम्हीही असाल."

मग शेपटामागून माणूस आला. उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, भुवयांवर लाकडाचा भुसा. त्याने चष्मा उचलला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि होता त्यापेक्षा जास्त मळवून तिला दिला. तिचे हात ट्रेमध्ये अडकलेले. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने तो स्वतःच तिच्या नाकावर बसवला, जरा तिरका. आणि बघतच राहिला.

"काय बघताय?"

"कान. एवढे लाल कान मी फक्त रंगवलेले पाहिलेत."

ते कान सगळ्या संग्रहालयाला ठाऊक होते. हजेरीपटावर तिचं चांगलं चारचौघांसारखं नाव होतं, पण सूक्ष्मजीवांचं दालन तिच्याकडे आल्यापासून सगळे तिला सूक्ष्मबाई म्हणत. आवाज मात्र सूक्ष्म नव्हता. राग आला की कान आधी लाल होत आणि शब्द नंतर येत, म्हणून कचेरीतली मंडळी काही मागायचं असलं की आधी तिच्या कानांकडे बघून घेत.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"तुमच्याच दालनाचं. मोठा जिवाणू मागवलाय ना? धड टेम्पोतून येतंय. आधी शेपूट आणलं, कारण ते मी कोणाच्या हातात देत नाही." त्याने शेपटाच्या मुळाशी असलेली छोटी मूठ फिरवली. लाकडाचे तुकडे एकामागून एक वाकत गेले आणि मुळापासून टोकापर्यंत एक संथ लाट निघाली. "कसं हलतंय बघा!"

त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की दुसऱ्या कोणी कौतुकच केलं असतं. सूक्ष्मबाईने ट्रे पायरीवर ठेवला. हे चिन्ह चांगलं नव्हतं.

"हे हलतंय," ती म्हणाली.

"मग! शेपूट आहे."

"जिवाणूचं शेपूट हलत नाही. फिरतं."

"कुठे फिरायला जातं?"

तिथून जे सुरू झालं ते तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेलं.

आता तिचा राग उगाच नव्हता, हे सांगायला हवं. पाच वर्षं ती या दालनासाठी भांडत होती. आधी ती एका मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होती. तिथे वरिष्ठांनी एकदा न बघताच एका तपासणीवर सही ठोकली आणि म्हणाले, कोणाला कळणारे? तिने त्याच दिवशी ॲप्रन खुंटीला टांगला. तेव्हापासून ते दोन शब्द कानावर पडले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई. आणि आता तिच्याच दालनात, बरोब्बर मधोमध, तीन मीटर लांबीची चूक उभी राहणार होती.

ती तडक संचालकसाहेबांकडे गेली.

"अहो, शेपूट आहे ना त्याला? झालं तर मग," संचालक म्हणाले. ते चहा पीत होते. "तीन आठवड्यांवर उद्घाटन आलंय. हललं काय, फिरलं काय... कोणाला कळणारे?"

सूक्ष्मबाई वळून बाहेर पडली. आपल्या टेबलाशी आली, कोरा कागद घेतला आणि राजीनामा लिहिला. चारच ओळी. ते हलणारं शेपूट दालनात बसलं, की त्या दिवशी हा कागद संचालकांच्या चहाशेजारी ठेवायचा, असं ठरवून तो घडी करून ॲप्रनच्या खिशात टाकला.

पण जायच्या आधी त्या शेपूटवाल्याला खरं काय ते दाखवणं भाग होतं. तिला राहवलंच नसतं.

---

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याला प्रयोगशाळेत बोलावलं. बोलावलं म्हणजे फर्मान काढलं. तो आला, स्टुलावर बसला आणि सूक्ष्मदर्शकाकडे बघून म्हणाला, "छान घडवलंय. पितळी स्क्रूंचे आटे हातानं पाडलेत वाटतं."

"स्क्रू नंतर बघा."

कपाटातून तिने एक नळी काढली. आत गढूळसर पाणी. शाळेच्या मुलांना दाखवायला ठेवलेले निरुपद्रवी जिवाणू होते. नळी नुसती कलती करायची, एक थेंब काचेवर घ्यायचा, एवढं सोपं काम. पण तो बोलत होता.

"बाई, मी शेपटांच्या धंद्यात लहानाचा मोठा झालो. घोड्याचं केलंय, माशाचं केलंय, मगरीचं केलंय. सगळी हलतात."

"त्याला पुस्तकात कशाभिका म्हणतात! आणि ते शेपूट नाहीच मुळात. बोटीचा पंखा असतो ना, तसं आहे. मुळाशी मोटर असते. आस असते, ती ज्यात फिरते ते बुश असतं, सगळं असतं. वर पीळ दिलेला बारीक धागा. तो गरगर फिरतो, म्हणून जिवाणू पुढे जातो."

"जिवंत प्राण्याच्या अंगात मोटर?"

"हो!"

"कोणी बसवली?"

ती इतकी चिडली, की नळी तिने शेजारच्या नळ्या घुसळायच्या यंत्रावर टेकवली आणि दाबून धरली. यंत्र घुंघुं करू लागलं, तिचंही सुरूच होतं. "मासा मोठा असतो, त्याला वजन असतं. एकदा ढकललं की तो पाण्यात पुढे सरकत राहतो. यांना पाणी काकवीसारखं लागतं! नुसतं शेपूट इकडेतिकडे हलवून काय होणार? पेशींच्या जगात कोणी शेपूट हलवत नाही. कोणीही नाही! कळलं?"

"कळलं. यंत्र बंद करा, नाहीतर त्यांना भोवळ यायची."

तिने थेंब घेतला, काच ठेवली, भिंग जुळवलं. "बघा."

त्याने डोळा लावला. बराच वेळ लावला.

"जरा थरथरतायत," तो म्हणाला.

"थरथरणं वेगळं. पाण्याचे धक्के बसून मेलेलेसुद्धा थरथरतात. पोहतायत कसे ते सांगा."

"पोहत नाहीयेत."

"असं कसं—" तिने त्याला खांद्याने बाजूला सारून पाहिलं. शेकडो बारीक काड्या काचेवर पडल्या होत्या. नुसत्या पडल्या होत्या, सुट्टीच्या दिवशी दुपारी माणसं लोळतात तशा.

मागून तो मऊ आवाजात म्हणाला, "शेपूटच नाहीये हो बिचाऱ्यांना. माझ्याकडचं एखादं देऊ का?"

ती उठली आणि दार आपटून बाहेर गेली.

बाहेरच्या गॅलरीत भुरभुर पाऊस येत होता. कठड्यावर हात ठेवून ती उभी राहिली. डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं, असं तिने स्वतःला दोनदा सांगितलं. पाच वर्षांत एकदाही हे जिवाणू असे रुसले नव्हते. आजच रुसायचे होते? आणि त्या भुशाच्या भुवयांसमोर?

दहा-पंधरा मिनिटांनी दार हळूच उघडलं.

"अहो..."

"जा तुम्ही."

"जातो. पण एक जण फिरतोय."

ती वळली नाही.

"सगळे पडलेत. पण एक जण जागच्या जागी गरगर फिरतोय. घड्याळाच्या काट्यासारखा. मध्येच थांबतो आणि... आणि उलटा फिरतो. मी मोजलंय. एका टोकाला खिळा मारल्यासारखा आहे. बाई, खिळा कोणी मारला?"

आता ती वळली. त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. एका डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता.

तिने धावत जाऊन पाहिलं. खरंच. त्या सगळ्या निजलेल्या गर्दीत एक काडी फिरत होती. एका टोकावर अडकून, न थकता.

"मी तोडली," ती हळूच म्हणाली. "शेपटं... मीच तोडली."

"कधी?"

"तुमच्याशी भांडताना. नळी इतका वेळ घुसळली की... फार बारीक असतात हो ती. तुटतात. मुळाशी नुसते खुंट राहतात. याचा खुंट काचेला चिकटला असणार." ती बोलता बोलता थांबली. मग तिचा आवाजच बदलला. "म्हणजे बघा, टेबलावरचा पंखा आहे. चालू केला आणि पाती घट्ट धरून ठेवली, तर काय होईल?"

तो मिस्त्री माणूस. त्याला विचारच करावा लागला नाही. "मोटर फिरेल. पंख्याचं धडच फिरायला लागेल."

"तेच झालंय. शेपूट धरून ठेवलंय, म्हणून धड फिरतंय."

"म्हणजे मुळाशी खरोखरच..." त्याने परत डोळा लावला. "आणि उलटी-सुलटी दोन्हीकडे चालते? एवढ्याशा जागेत? बुशसकट?" तो जवळजवळ रागावलाच. "आणि मी इथे पाव इंची बेअरिंगसाठी डोकं फोडतो!"

तिला हसू आलं. पहिल्यांदाच. तिने ते लगेच आवरलं, पण त्याने बघितलं होतं.

"उलटी कशाला लागते?" त्याने विचारलं.

"वळायला. याला चार-सहा शेपटं असतात. मोटरा एका बाजूला फिरल्या की सगळी एकत्र पीळ घेऊन एक दोर होतो आणि हा सरळ सुटतो. मोटर उलटी झाली की दोर सुटतो, हा जागेवर गोते खातो आणि मग भलत्याच दिशेला तोंड करून निघतो. डोळे नाहीत, नकाशा नाही. फक्त, हवं ते जवळ येतंय असं वाटलं, की गोते कमी खातो. सरळ जास्त जातो."

"एवढंच?"

"एवढंच."

"आणि पोचतो?"

"बरेचदा."

एकच भिंग, दोघांची डोकी. त्याच्या शर्टाला ताज्या रंधलेल्या लाकडाचा वास होता. ती म्हणाली, "अडीच-तीन तासांत यांना नवी शेपटं फुटतील. थांबलात तर पोहताना दिसतील." आणि तो थांबला. तिने डब्यातलं अर्धं त्याला दिलं, त्याने तिच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय खालून खिळा मारून बसवला, आणि मधल्या वेळात ते चारच वेळा भांडले. पाचाच्या सुमाराला तिने नळीतला नवा थेंब घेऊन भिंग जुळवलं, आणि त्या थेंबात सगळीकडे धावपळ उडालेली होती.

"बघितलंत?"

"बघितलं," तो म्हणाला. "तुमचं बरोबर आहे. शंभर टक्के."

"मग शेपूट बदलाल."

तो उठला. हात पुसले. बाहेर बघत म्हणाला, "नाही."

"काय?"

"शेपूट तेच राहील."

"तू... तू स्वतः बघितलंस ना! स्वतःच्या डोळ्यांनी! आणि तरी—"

तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं होतं. दोघांनाही ते ऐकू आलं. तो क्षणभर दाराशी थबकला, जणू ते पदरात घेऊन जायचं की तिथेच ठेवायचं ते ठरत नव्हतं. मग गेला.

---

घरी मावशी होती. आई गेल्यापासून सूक्ष्मबाई आणि मावशी, दोघीच राहत. मावशी निवृत्त परिचारिका, तिने आयुष्यभर माणसांचे ताप मोजलेले.

"निर्लज्ज आहे तो शेपूटवाला! बरोबर आहे म्हणतो आणि करणार नाही म्हणतो! असला शेपूटवाला मी जन्मात..."

"नऊ," मावशी म्हणाली.

"काय नऊ?"

"नऊ वेळा शेपूटवाला म्हणालीस. आलीस तशी चप्पलसुद्धा काढली नाहीस." मावशीने विणकाम बाजूला ठेवलं. "हे बघ. नुसता हटवादी माणूस असता तर तुझं बरोबर आहे असं म्हणालाच नसता. बरोबर म्हणतो आणि नाही म्हणतो, म्हणजे कुठेतरी दुखतंय त्याचं. जाऊन विचार."

"मी? मी कशाला विचारू?"

"बरं, नको विचारूस. जाऊन भांड."

हे तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून ॲप्रनसकटच निघाली. कारखाना गावाच्या टोकाला होता. पत्र्याचं छप्पर, भिंतीला टांगलेल्या करवती, कोपऱ्यात अर्धवट झालेला एक घोडा. आत जाताना तिने बोलायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. ती सगळी दारातच राहिली.

खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते आणि संग्रहालयातून परत आलेलं ते शेपूट त्यांच्या मांडीवर होतं. ते लाकडाच्या तुकड्यांना तेल लावत होते. हात इतके थरथरत होते, की फडक्यातलं निम्मं तेल मांडीवर सांडत होतं.

"या या! तुम्ही त्या जिवाणूवाल्या बाई ना? हा सांगत होता," ते म्हणाले. "सांगा, कसं झालंय? बत्तीस तुकडे आहेत. एकेका तुकड्याला दहा-दहा दिवस लागले हो. हात ऐकत नाही आताशा. पण सांधा कुठे दिसतोय का बघा. बघा, बोट फिरवून बघा."

तिने बोट फिरवलं. सांधा लागला नाही.

तेवढ्यात तो मागच्या दाराने आला. तिला पाहून त्याचा चेहरा उतरला आणि मग ताठ झाला. "काका, जरा आलोच," म्हणत त्याने तिला त्या अर्धवट घोड्याच्या मागे नेलं. आवाज दाबून बोलत होता, पण राग दाबला जात नव्हता.

"सांगा आता. जा, सांगा त्यांना, चुकलंय म्हणून. मला नाही जमलं."

"मला काय माहीत, की..."

"गेल्या वर्षी त्यांनी करवत खाली ठेवली. म्हणाले, एक शेवटचं काम करतो. शेपूट कसं असतं रे, म्हणून मला विचारलं. मी तुमची चित्रं उघडूनसुद्धा बघितली नाहीत. म्हटलं, माशासारखंच असेल, करा. वर्षभर करत होते. चूक माझी आहे, बाई. त्यांची नाही. आणि ती मी त्यांच्या हातून परत घेणार नाही. तुम्ही खुशाल राजीनामा द्या, खुशाल माझ्या नावाने बोंबला..."

"राजीनाम्याचं कोणी सांगितलं?"

"सगळ्या संग्रहालयाला माहीत आहे. तुम्ही हळू लिहिलंत तरी मोठ्यांदा लिहिता."

ती उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच खिडकीकडून कुरकुर आवाज आला. काकांनी मूठ फिरवली होती. लाट मुळापाशी उठली, तुकड्यातुकड्यातून पुढे सरकली, टोकाशी जाऊन विरली, आणि मागोमाग दुसरी उठली. ऊन पडलं होतं त्यावर. ती बघत राहिली... आणि मग तिचा हात आपोआप कपाळावर गेला.

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली.

"अं?"

"मी काय म्हणाले होते काल? पेशींच्या जगात कोणी शेपूट हलवत नाही. कोणीही नाही. म्हणाले होते ना?"

"बरंच मोठ्यांदा."

"खोटं आहे ते! साफ खोटं! रागाच्या भरात म्हणाले आणि तुम्हीही ऐकून घेतलंत!" आता ती स्वतःवर चिडली होती आणि कान फुलले होते. "जिवाणू हलवत नाही. पण दुसरी एक पेशी आहे, ती हलवते. अगदी अशीच. तिच्या मुळाशी मोटर नसते, ताकद शेपटाच्या आतच असते, टोकापर्यंत. आणि काकांनी आत दोऱ्या घातल्यात ना, एक बाजू ओढली की वाकतं? तिच्याही आत तसेच धागे असतात, एकमेकांवर सरकतात, म्हणून लाट उठते. शेपूट चुकलेलं नाही! धड चुकलंय!"

ती काकांपुढे जाऊन उकिडवी बसली. कागद हवा होता. ॲप्रनच्या खिशात एकच होता. तिने घडी उघडली, कोरी बाजू वर केली आणि पेन्सिलीने भराभर काढलं. पुढे लांबट गोल डोकं, छोटी मान, आणि मागे ते शेपूट.

काकांनी कागद लांब धरला. "हे काय? बेडकाचं पिल्लू?"

"नाही काका. हे... माणसाचं आहे. म्हणजे माणूस होण्याआधीचं. पुरुषाच्या..." ती थांबली. पुतण्या घोड्याच्या आडून अगदी मन लावून ऐकत होता. "शुक्राणू," तिने एका दमात म्हणून टाकलं.

"मग तसं नीट सांग ना पोरी. मला चार मुलं आहेत," काका म्हणाले. "एकानेही रंधा हातात घेतला नाही, ते सोड. ह्या पुतण्यानेच तेवढा घेतला. डोकं कशाचं करायचं? शिसवाचा एक ओंडका ठेवलाय मी..." त्यांनी कागद उलटा केला. "मागे काहीतरी लिहिलंय."

"ते वाचू नका."

काकांनी वाचलं. चारच ओळी होत्या. मग चित्राची बाजू पुढे करून त्यांनी तो कागद पुतण्याकडून भिंतीवर ठोकून घेतला. चांगले दोन खिळे मारून.

---

संचालकांना मात्र घाम फुटला.

"अहो बाई, शाळेची मुलं येणार उद्घाटनाला!"

"मुलं आली कुठून, साहेब?"

"तसं नाही... पण तीन मीटरचा? मधोमध? सगळ्यांना कळेल ना, काय आहे ते!"

"परवा म्हणालात, कोणाला कळणारे. आता कळेल म्हणून नको?" सूक्ष्मबाईने ट्रे टेबलावर ठेवला. संचालकांनी आधी ट्रेकडे, मग कानांकडे पाहिलं आणि सही केली.

पुढचे अठरा दिवस ती सुटली की कारखान्यात जायची. जिवाणूला नवी शेपटं हवी होती. पितळी सळ्यांना पीळ देऊन सहा केली. तो पीळ उजवा देई, ती डावा म्हणे. तो वाकवलेलं परत सरळ करी, पुटपुटे, परत वाकवी. दोर सुटायचा तेव्हा सुटेना, आणि सुटायचा नाही तेव्हा सुटे. एकदा तिने चिडून पक्कड फेकली. त्याने ती उचलून परत दिली आणि म्हणाला, "अजून एकदा फेका. आवाजावरून कळलं, हिचा सांधा सैल झालाय." तिकडे खिडकीत काका शिसवाचं डोकं घासत बसलेले. हात थरथरायचा, पण घासायला थरथर चालते, असं ते म्हणायचे. उलट मदतच होते.

तो तिला अजून 'तुम्ही'च म्हणत होता. तीही. त्या दिवसाचं 'तू' दोघांच्या मध्ये कुठेतरी पडून होतं आणि दोघंही ते ओलांडून जात होते.

उद्घाटनाच्या दिवशी मुलं आली, फीत कापली गेली. एका बाजूला जिवाणू. बटण दाबून धरलं की सहा पितळी पीळ एकत्र येऊन एक दोर व्हायचे आणि धड रुळावरून सरळ पुढे जायचं. बटण सोडलं की दोर उसवायचा, धड गडबडून गोते खायचं आणि भलतीकडे तोंड करून थांबायचं. मुलं बटण सोडेचनात. दुसऱ्या बाजूला काळंभोर डोकं आणि त्यामागे बत्तीस तुकड्यांची ती संथ लाट.

"हे कोण आहे?" एका चिमुरडीने विचारलं. संचालकांना खोकला आला.

"आपण सगळे एकदा असे पोहून आलोय," सूक्ष्मबाई म्हणाली. "निदान प्रत्येकातला अर्धा तरी. उरलेला अर्धा आईकडे वाट बघत होता."

काका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. मावशी त्यांच्या शेजारी. लाट टोकाला पोचली की काकांचं डोकं किंचित हले, आणि मावशी त्यांचा हात हातात घेऊन, नाडी बघतेय असं दाखवत, बसली होती.

पाच वाजता दालन रिकामं झालं. सूक्ष्मबाई मागच्या जिन्याने खाली उतरू लागली. वळणावर तो उभा होता. यावेळी हातात काही नव्हतं.

"आता पुढचं काय?" त्याने विचारलं.

"पुढचं? तळ्यातली हिरवी पेशी आहे एक. तिला दोन शेपटं असतात, दोन्ही पुढे. पोहणारा माणूस हात मारतो तशी मारते."

"म्हणजे अजून दोन शेपटं."

"हो."

"म्हणजे रोज भांडण."

"तुम्हाला नको असेल तर..."

"मला काय हवंय ते सांगतो," तो म्हणाला आणि थांबला. शेपटांवर तासभर बोलणारा माणूस, आता शब्द हातात येईनात. "तुम्ही म्हणाला होतात ना, हवं ते जवळ यायला लागलं की तो गोते खात नाही... सरळ जातो. मी इतकी वर्षं नुसते गोतेच खाल्ले हो. हे काम घे, ते सोड, इकडे जा, तिकडे जा. गेले तीन आठवडे मी घरातून निघतो तो सरळ. रोज. एकदाही वळलो नाही." त्याने मान वर केली. "आणि त्या दिवशी तू मला 'तू' म्हणालीस. ते परत म्हण. रागाने म्हटलंस तरी चालेल."

जिन्यात कोणी नव्हतं. वर दालनात बटण दाबलेलंच अडकून राहिलं असावं. पितळी दोर फिरल्याचा आवाज येत होता.

"हे असं जिन्यात सांगतात?" ती म्हणाली. "आणि आज? तीन आठवडे माझ्या समोर बसून पितळ वाकवत होतास, तेव्हा तोंड शिवलं होतं का? मी काय ओळखायचं? सूक्ष्मदर्शक लावून बघायचं? मूर्ख आहेस तू. आणि मी भयंकर रागावलेय, सांगून ठेवते."

तो एक पायरी वर आला. चष्मा तिच्या नाकावर सरळ होता, तरी त्याने तो नीट केला. मग मान कलती करून आधी डावीकडून पाहिलं, मग उजवीकडून.

"कान लाल नाहीत," तो म्हणाला.